मूठभर लवंगा

आमच्या पेंबा बेटावर पळता भुई थोडी,
आणि हे काही बोलण्यापुरतं नाही.
उत्तरेकडून धावत सुटलात
तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेचं पाणी पायाला लागतं.
म्हणून मुआलिमू शेकवे जहन्नमची आग शिकवायचे,
तेव्हा सात वर्षांच्या मला एकच प्रश्न पडायचा:
पळायचं कुठं?

आगीचं वर्णन ते इतकं मन लावून करायचे
जणू कालच जाऊन आलेत.
आयत चुकली की पेरूची छडी.
माझी पाचावर धारण बसायची.
घरी आल्यावर मी चुलीपासूनही लांब बसायची,
आई म्हणायची, भात काय तिथं आणून देऊ?

बाप माझा तागडीवाला, मकामे फकी.
हंगामात बंदरावरच्या गोदामात लवंगा तोलायचा.
भित्रा माणूस.
कुत्र्यांना भ्यायचा, भरतीला भ्यायचा, सरकारी शिक्क्याला,
आई गप्प बसली की तिच्या गप्प बसण्याला.
सगळं वेटे गाव हसायचं.

एका रात्री, इशाच्या नमाजेआधी,
वझू करता करता तो थांबला.
कोपरावरून पाणी ठिबकत राहिलं.
म्हणाला, सकाळी बी म्वानाजुमाचं पोतं तोललं
तेव्हा माझा अंगठा पारड्याखाली होता.

चुकून? आईने विचारलं.

तेच तर मला सांगता येत नाही, म्हणाला.

नमाज झाली. फडक्यात लवंगा बांधल्या.
मला म्हणाला, कंदील तू धर.
कंदिलाची काच फुटलेली. समुद्रावरून वारा.
मी ज्योतीभोवती तळहाताची भिंत केली
आणि आम्ही निघालो,
खारफुटीच्या कडेने, कबरस्तानावरून,
जिथून तो दिवसाही एकटा जात नसे.
जीव मुठीत धरून, म्हणतात.
त्याच्या मुठीत फडकं होतं,
आणि सगळ्या अंधाराला लवंगांचा वास.

बाबा, मी विचारलं, आग जाळेल म्हणून चाललायस का?

बराच वेळ पावलंच ऐकू आली.
मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.
पोळतोय ना?
पोळतोय.
मग काढत का नाहीस?
काढला तर विझेल.
हं, म्हणाला.
एवढंच.

बी म्वानाजुमाने दार उघडलं, झोपेतून.
तो उंबऱ्याबाहेरच उभा. फडकं सोडून म्हणाला,
तुझ्या हाताने घे, एक मूठ.
तिने घेतली.
तुझी मूठ लहान, तो म्हणाला. आणखी घे.
ती हसली. अरे मकामे,
तुझा अंगठा मी सकाळीच पाहिला होता.
पाहिला, आणि सोडूनही दिला होता.

तू सोडलास, बी.
पण पाहणारी तू एकटी नव्हतीस.

असं म्हणून तो पायरीवर बसला
आणि त्याचे गुडघे लटलट कापायला लागले.
इतका भ्यालेला बाप मी कधी पाहिला नव्हता.
आणि नवल म्हणजे, तो उठून पळत नव्हता.
आईच्या मांडीशी मूल सरकावं
तसा, अंधारात, कुणाच्या तरी जवळ सरकत होता.
बी म्वानाजुमाने पाणी आणलं. ती काही बोलली नाही.

परतताना कुत्रं आलंच.
बाप माझ्या मागे लपला.

आता गोदामात काट्याच्या जागी आकडे आहेत, हिरवे, लुकलुकणारे.
पोतं ठेवण्याआधी मी शून्य पाहते,
पुन्हा एकदा पाहते.
गिऱ्हाईक म्हणतं, बाई, मशीन चुकत नाही.
मशीन नाही चुकत.
मी अंगठा खांग्याच्या पदरात गुंडाळून घेते.

मुआलिमूंची आग मी विसरले,
छडीही.
डाव्या तळहातावर मात्र एक डाग आहे, लवंगेएवढा.
वझू करताना दिवसातून पाच वेळा पाण्याखाली येतो.
जात नाही.
जाऊ नये.