पान दोनशे चौदा

सव्वीस वर्षं मी कोर्टात बोटांनी ऐकलं.
मिनिटाला सव्वादोनशे शब्द.
प्रमाणपत्रावर छापलंय: पंच्याण्णव टक्के अचूक.
उरलेल्या पाचात कोण राहतं
हे परीक्षेत नव्हतं.

सेंट लुईस, फेब्रुवारी, तिसरा मजला.
रेडिएटर ठोके देत होता,
आणि पिंजऱ्यात व्हेनिता टिब्स,
रात्रपाळी उरकून तशीच आलेली,
नर्सिंग होमचा निळा गणवेश, खिशात थर्मामीटर.
वकिलानं विचारलं, त्या रात्री भाऊ कुठे होता?
ती म्हणाली,
"रोनेल? त्यो कवाचा घरात."

न्यायाधीश म्हणाले, बाई, नीट बोला.

ती नीटच बोलली होती.
तिच्या गल्लीत 'कवाचा' म्हणजे
दिवेलागणीच्याही आधीपासून,
बूट काढून, जेवून, सोफ्यावर पेंगत,
तू विचारतोयस त्या घटकेपर्यंत.
सगळी संध्याकाळ मावते त्या शब्दात.
त्या गल्लीवरून मी रोज जायचे,
गाडीचे दरवाजे लॉक करून.

मी टाइप केलं:
तो कधीतरी घरात होता.

हरकत कुणी घेतली नाही.
ज्युरीत बारा जण.
यादीत काळे दोन होते,
त्यांना सोमवारीच घरी पाठवलेलं, कारण न देता.
सरकारी वकिलानं माझं वाक्य
मलाच मोठ्यानं वाचायला लावलं.
माझा आवाज स्वच्छ आहे, सगळे म्हणतात.
"कधीतरी," तो म्हणाला, आणि जरा थांबला.
थांबणं नोंदवायची पद्धत नाही.
व्हेनिता खुर्चीतून अर्धी उठली, काही बोलली.
मी लिहिलं: [अस्पष्ट]

माझ्या यंत्रावर
'वाजवी शंकेपलीकडे' एका दाबात उमटतं.
बोटं एकदा खाली, एकदा वर.
इतक्यांदा लागतं ते.

एकोणीस वर्षं.
त्यातलं हे नववं.

आज सकाळी बेल वाजली.
घडीवर फाटत आलेलं पान दोनशे चौदा,
पिवळ्या पेनाची एक रेघ.
"ह्ये माजं बोलणं न्हाई."
मी म्हटलं, टेप नव्हती.
म्हटलं, मी निवृत्त झालेय.
म्हटलं, पंच्याण्णव टक्के म्हणजे
ती मध्ये बोलली नाही.
ऐकत राहिली, शब्दन् शब्द,
माझं बोलणं जणू तिलाच टिपून घ्यायचं होतं.

मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
किती वेळ झाला येऊन?

"म्या? कवाची हितंच."

पायरीवर रात्रीपासूनचा बर्फ पडत होता.
तिच्या बुटांखाली
दोन पावलांएवढी फरशी
कोरडी.