खोडलेली ओळ

थुओ नदीच्या वळणावर कागद जाळायचा मनोरा आहे,
सहा कोनांचा, माणसाच्या दुप्पट उंच,
तोंड काजळीनं माखलेलं.
वर दोन अक्षरं कोरलेली. दुसऱ्याचा अर्थ 'अक्षर'.
पहिल्याचा विचाराल
तर छ्यू माओलिन आधी हातातली टोपली खाली ठेवतो.

लिहिलेलं पायाखाली येऊ नये
म्हणून तो सकाळी बाजारभर वाकत फिरतो:
औषधांच्या चिठ्ठ्या, लॉटरीची तिकिटं,
शेवयांच्या दुकानाचं फाटकं दरपत्रक,
आणि फांगच्या नातवानं गुपचूप आणून दिलेला
गणिताचा पेपर, शंभरात एकतीस.
"हा आधी जाळा."
सगळ्यांना सारखाच मान, सारखाच जाळ.
राख महिन्यातून एकदा नदीत.

मुलगा वर बघतो. हे अक्षर कसलं?
म्हातारा काटकीनं धुळीत काढून दाखवतो:
डावीकडे काळीज, उभं, अंग चोरून.
उजवीकडे 'पूर्वी'.
वाचायचं 'शी', पण नाक न मुरडता.
म्हणजे जपणं, तो सांगतो.
वाडग्यात भाताचं शीत न सोडणं, तेही हेच.
बस सुटली तरी पोचवायला आलेला माणूस
स्टँडवर घुटमळतो, ते.
अंडं फुटलं की तुझी काकू चुकचुकते ना, तेसुद्धा.
"आणि आमचे आजोबा पैसे सुटू देत नाहीत, ते?"
म्हातारा हसत नाही.
हात आखडतो, म्हणतो, तेही हेच अक्षर.

मुलगा पुलाकडे पळतो.

आतल्या खिशात एक चिठ्ठी आहे,
अठरा वर्षांत टोपलीत न पडलेली.
यिन त्स्वेयुनच्या हातची, पेन्सिलीनं:
मीठ. आलं. काड्यापेट्या दोन.
निळी लोकर, सहा गुंडे.
शेवटच्या ओळीवर शाईची रेघ,
जाड, सरळ, हिशेबनिसासारखी. ती त्याची.
यंदा कुठं एवढी थंडी आहे, म्हणाला होता.
ती काही बोलली नव्हती.
मीठ आणलं, आलं आणलं,
उरलेली नाणी मोजून त्याच्या तळहातावर ठेवली.
तिची बोटं गार होती, हे त्याला
फार नंतर आठवलं.

जाळ धरला की हात खिशाकडे जातो
आणि बटणापाशी अडतो.
लिहिलेलं जाळावं, असा नेम.
पण खोडलेलं हे लिहिलेलंच धरायचं का,
ते मनोऱ्यावर कुठं कोरलेलं नाही.

पुलावरून मुलगा ओरडतो: जळला का?
"जळला," म्हातारा सांगतो,
छातीवर हात तसाच.