नमुना अर्ज

डिचोलीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
आणि वीज गेली की वही.
सतरा वर्षं लोकांची भांडणं टाइप करते:
बांध, वाटण्या, घटस्फोट, न वटलेले चेक.
या महिन्यात मात्र जो तो एकच भांडण घेऊन येतो.

पालिकेची यादी फुटली.
घरपट्टीची म्हणे.
पण घरपट्टीच्या मागोमाग सगळंच चव्हाट्यावर आलं:
कुणाची थकबाकी, कुणाचा मोबाइल, आधारचे बारा आकडे,
जन्मदाखल्यातला बापाच्या नावाचा रकाना,
आणि तो कुणाचा रिकामा आहे, तेही.

पालिकेच्या दारावर कागद:
तांत्रिक अडचण. नागरिकांनी सहकार्य करावे.
शांबा मळीक तो मोठ्याने वाचतो.
"कुणाला सहकार्य? चोराला?"

कुलासो वकीलबाई स्कूटरवर बसूनच सल्ला देतात, हेल्मेट न काढता.
"आधी सायबरवाल्यांकडे तक्रार. पोच घ्या.
पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता.
मग माहितीचा अधिकार: काय गेलं, यांना कधी कळलं,
कळल्यावर कुणाला सांगितलं.
दावा लावायचा तर पालिकेला आधी नोटीस, मग दोन महिने थांबा.
सरकारला विचार करायला वेळ लागतो.
दिल्लीला एक मंडळ आहे. दंड करील, न करील.
दंड झाला तरी जाणार सरकारी तिजोरीत.
पर्वरीला हायकोर्ट आहे. तिथे एकट्याने नको, मिळून जा."
"आणि भरपाई?"
"नुकसान मोजून दाखवावं लागतं, बाबा."

कुस्तान बार्रेटोचं मोजता येतं.
फोनवरच्या माणसाला त्याचा घर नंबर ठाऊक होता,
वारलेल्या बायकोचं नाव ठाऊक होतं.
तिचं नाव इतक्या आदराने घेतलं त्याने,
की कुस्तानने ओटीपी सांगून टाकला.
बेचाळीस हजार.

दुसरी एक आली, दुपारी, गर्दी ओसरल्यावर.
तिचं नाव मी इथे लिहीत नाही.
तिचा मुलगा आठवीत. वर्गातल्या पोरांनी
मोबाइलवर तो रकाना वाचला.
चार दिवस तो शाळेत गेलेला नाही,
घरात सगळे फळे, दप्तरं, बिजागऱ्या दुरुस्त करत बसतो.
"हे कितीला लावायचं?" तिने विचारलं.
मी म्हटलं, पूर्ण नाव सांगा. वय. पत्ता. आधार नंबर.
ती माझ्याकडे बघत राहिली.
"परत?"

परत. तीन प्रतींत. प्रत्येक पानावर सही.
जे फुटलं ते फुटलं म्हणून सांगायला
ते पुन्हा एकदा सगळं सांगावं लागतं.

आणि माझं सांगते. कुणी विचारलेलं नाही, तरी.
रोज तीसेक अर्ज. मी एकच नमुना उघडते,
आधीचं नाव खोडते, नवं घालते.
शुक्रवारी शांबाच्या अर्जात, पाचव्या परिच्छेदात,
कुस्तानचा खाते नंबर तसाच राहिला.
तीन प्रती निघाल्या. एक पोलिसांत पोचलीसुद्धा.
कुलासोबाईंनी बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मी कुस्तानच्या घरी गेले.
फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि फोन तो आता उचलत नाही.
पायरीवर उभी राहून सगळं सांगितलं.
तो जाळं शिवत होता. गाठ मारून झाली तेव्हा म्हणाला,
"तू आलीस तरी. पालिकेतून अजून कोणी आलेलं नाही."

तेव्हापासून नमुन्यात एक वाक्य वाढवलंय, मागणीच्या वर:
आम्हाला कुणीही येऊन सांगितले नाही.
ते कुणासाठी खोडावं लागत नाही.

तिचा अर्ज मात्र तसाच पडलाय.
नाव आहे, तारीख आहे,
मागणीच्या जागी टिंबं.
रोज सकाळी फाइल उघडते,
टिंबं मोजते,
बंद करते.