मधली झीज

सध्या घरात दोन मशिनी आहेत,
दोन्ही खडूच्या.
मागच्या खोलीच्या शहाबादीवर मी चौकोन आखलेत,
छोटा पांढरा, मोठा पिवळा,
आणि टेबल सरकेल तिथवर डावी-उजवीकडे तुटक रेघा.
आठ दिवस झाले, सिंधू ते ओलांडून
दोरीवर कपडे टाकायला जाते.
रेघेवर पाय देत नाही.

छोटी जळगावला, अजिंठा चौफुलीजवळच्या दुकानात.
निळी, नवीकोरी, घरच्या लाइटीवर चालणारी,
आकड्यांना हिरवा उजेड.
विकणारा पोरगा नम्र. काका, म्हणाला, स्वयंपाकघरातही मावेल.
मी डायल लावला, आणि हेडवर नुसता तळहात टेकून
जरासा भार दिला.
काटा सरकला.
पोरगा रस्त्याकडे बघू लागला.
परीक्षा त्याची नव्हती, हे त्याला कसं सांगणार?

मोठी धुळ्याला, मुश्ताकभाईच्या भंगारात,
दालमिलच्या जुन्या रोलरांना टेकून. अकराशे किलो.
तिच्या टेबलावर कोंबडीनं अंडं घातलेलं.
अंडं उचलून बाजूला ठेवलं, हँडल फिरवलं.
दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट,
मधे पाव फेरा नुसता रिकामा.
"मधेच तर काम होतं, साहेब," मुश्ताकभाई म्हणाला,
"टोकाला कोण जातंय?"
मुठीवर कुणीतरी पंचानं ठोकलेलं: भा. ना. ७१.
अंगठा नेमका तिथेच बसत होता.

चौतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात
मी ड्रॉइंगच्या नंबरावर नग काढले.
एकही घरी आणला नाही, आणायचा नसतोच.
भुसावळच्या फाटकात उभं असताना कधी वाटतं,
ह्या इंजिनात असेल एखादा,
तोवर गार्डाचा डबा गेलेला असतो.

सिंधू शिरपूरकडची, चिडली की अहिराणीवर येते:
"हाई घरमा कशी मावी?"
मग थोड्या वेळानं, मराठीत, भांडी लावता लावता,
"आणि करणार काय तिच्यावर?"

दार तीस इंच. मशीनचा पाया चौतीस.
चौकट काढावी लागेल, किंवा मशीन खोलून आणावी लागेल,
गुडघा वेगळा, टेबल वेगळं,
छोट्या टेम्पोच्या दोन खेपा.
मोटर थ्री फेज, मीटर सिंगल.
वहीत बेरीज करत गेलो
आणि एका जागी पेन्सिल थांबवली,
कारण पुढचा आकडा मला माहीत होता.

काय करणार, तर
सावद्याच्या फेगडेवहिनींचं केळीचे वेफर पाडायचं यंत्र
पोळ्यापासून बंद आहे.
सव्वीस दातांचं चाक, तीन तुटलेले,
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
ते चाक रुमालात बांधून माझ्या खिशात असतं,
बोटांनी दात मोजायची सवयच लागली आहे.
खरं सांगायचं तर
ते छोटीवरही होईल.

हे मी सिंधूला सांगितलं, लपवलं नाही.
तिनं विचारलं ते भलतंच:
"मग मधे ढिली आहे ती, तिच्यावर नीट काम होतं?"
होतं, म्हटलं.
खुणेपर्यंत थेट जायचं नाही.
खुणेच्या मागे जायचं, आणि परत यायचं,
दरवेळी एकाच बाजूनं.
मग केसाइतकाही फरक पडत नाही.
"दरवेळी?"
दरवेळी.
ती काही बोलली नाही. उडदाच्या पापडांचा डबा
वरच्या फळीवर ठेवायला लावला मला.

काल तिनं फरशी पुसली.
दुपारी जाऊन बघतो तर पांढरा चौकोन गेलेला,
पिवळा जसाच्या तसा.
पिवळा खडू निघत नाही म्हणाली.
ती शेजारी गेली तेव्हा मी ओलं फडकं घेऊन
एक कोपरा पुसून पाहिला.
निघतो.
कोपरा परत आखून ठेवला.