चार फुटाला एक इंच

वर संडास, खाली माग.
आबांनी घर बांधलं तेव्हा हिशेब सोपा होता:
लुगडं जिथं विणायचं तिथं शेजारी घाण नको.
तेव्हा घरात सगळ्यांचेच पाय धड होते.
मधे चौदा पायऱ्या, सातवी जरा उंच.

मार्चमध्ये भरमाण्णाची दोन बोटं काढली,
जुलैत उरलेला पंजा.
साखरेनं खाल्ला, असं वडगावात म्हणतात.
दवाखान्यातून आला तो खालीच राहिला,
तीन नंबरच्या मागाशेजारी, पत्र्याच्या खाटेवर.
भांडं मी वर नेऊन ओतायचो.
तो भिंतीकडं बघायचा, मी पायऱ्यांकडं.
महिन्यानं शेवंताच्या लक्षात आलं
की दुपारी चारनंतर भावजी पाणीच पीत नाहीत.
"तहान न्हाई की," म्हणाला.
ओठांना भेगा होत्या.

ईरण्णा मेस्त्री बैलहोंगलकडचा.
पारदर्शक नळीत पाणी भरून त्यानं
मागच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत पाणसळ बघितली.
"नीर केळग होगबेक्री."
पाणी खाली जायला पाहिजे, एवढंच शास्त्र.
चार फुटाला एक इंच.
चेंबरपर्यंत बावीस फूट, म्हणजे साडेपाच.
पण रस्ता दोनदा काँक्रीट होऊन वर आलेला,
घर होतं तिथंच.
म्हणून संडासाची जमीन आठ इंच उचलायची.
आठ इंच म्हणजे पायरी.
ज्याच्यासाठी एवढं करूलालो
त्याच्यासमोर परत पायरी.
मग रॅम्प. आठ इंचाला आठ फूट, त्याहून कमी केला तर वॉकर घसरतो.
ईरण्णानं खडूनं आठ फूट आखले.
रेघ तीन नंबरच्या पोटातून गेली.

सव्वीस वर्षं तो माग भरमाण्णानं चालवला.
खासबागचा भंगारवाला आला, आठशे चाळीस किलो भरलं,
किलोला तेहतीस.
मला वाटलं हा तोंड फिरवील.
"काटा नीट बघ रे," एवढंच बोलला खाटेवरून,
"मागल्या खेपेला त्यानं कल्लाप्पाला फसवलंय."

अर्ज कानडीत भरायचा होता.
ईरण्णाच्या पोरीनं भरला, कॉलेजला आहे ती.
'उद्देश' हा शब्द दोन्हीकडं एकच.
तिथं काय लिहिलंस, मी विचारलं.
"अण्णाचा पाय," म्हणाली.
सहा हजार भरले, रस्ता फोडायचे.

बाकीचं वहीत आहे:
उंच सीटचा कमोड सात हजार दोनशे,
पाइप, बेंड, ट्रॅप साडेपाच,
मेस्त्री नि गडी नऊ दिवस, अठरा हजार नऊशे.
वीट, वाळू, सिमेंट चौदा. दार चार हजार आठशे.
फरशी मेव्हण्याकडची उरलेली, फुकट,
म्हणून अर्धी हिरवी, अर्धी विटकरी.
सगळं मिळून छप्पन्न हजार चारशे.
माग वजा केला तर अठ्ठावीस हजार सहाशे ऐंशी.
वजा केला, असंच लिहिलंय.

दार बाहेर उघडणारं पाहिजे, ईरण्णा अडून बसला.
आत माणूस पडला तर दार आत ढकलता येत नाही,
माणूसच आडवा येतो.
हे त्याला कसं माहीत, मी विचारलं नाही.
त्यानं दाराची चौकट स्वतः धरून बसवली,
गड्याला हात लावू दिला नाही.

पहिल्या दिवशी भरमाण्णा वॉकर घेऊन
रॅम्पच्या तोंडाशी बराच वेळ उभा.
मी माग बंद करायला गेलो.
"चालू ठेव," म्हणाला, "दोन्ही."
मग मला कळलं.
दोन आणि चार खडखडत राहिले,
वीत-वीत काठ पुढं सरकला,
दाराआडून काही ऐकू आलं नाही.

रात्री नऊला त्यानं शेवंताला हाक मारली.
तांब्या मागितला.
अर्धा आणला तर म्हणाला,
भरून आण.