वजनकाटा

मालकानं हिशेब केला तेव्हा
पैसे नव्हते. दिला हा डबा.
दोन चाकं, पत्र्याची खोली, एक खिडकी,
यातून टॉवेल जायचे प्रदर्शनाला
नागपूर, इंदूर, कुठं कुठं.
अडतीस वर्षांचा जॉबर मी; माझी ग्रॅच्युइटी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
विटांवर टेकून उभी होती.

आम्ही त्यात पलंग ठोकला, शेगडी बसवली.
नरसूबाईनं चौकटीची चादर कापून
खिडकीला लावली.
आता फक्त ओढणारं कुणीतरी हवं.

मैनोद्दीन म्हणाला, आधी वजन कर बे,
पायाचं माप न घेता चप्पल बघतोस काय.
ट्रॅक्टरला लावून डबा नेला काट्यावर.
पलंग, पाण्याची टाकी, सिलिंडर,
तांदळाचं अर्धं पोतं: अकराशे दहा.
काटेवाला म्हणाला, मावशी, तुम्ही बाजूला व्हा.
ती डब्यात चढून बसली.
म्हणाली, प्रवासात मी काय बाजूला होणाराय?
अकराशे अठ्ठावन्न.
तशीच चिठ्ठी फाडायला लावली.

पहिली गाडी शिवानंदच्या शेडमधली.
पांढरी. टायरला काळं पॉलिश, सीटवर अजून प्लास्टिक.
चाळीस हजार किलोमीटर फक्त, म्हणाला,
डॉक्टरची होती.
पिकअप. डॉक्टरची.
मैनोद्दीननं न बोलता क्लचचं पेडल दाखवलं:
रबर झिजून लोखंड उघडं,
देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत.

नरसूबाईनं दारावरून बोट फिरवलं.
रोज हजार विड्या वळलेलं बोट,
चिमटीत तंबाखूचा कण जास्त आला
तरी ज्याला कळतं.
"इथं पुट्टी आहे. इथं नाही.
इथं परत आहे."
शिवानंदनं चहा मागवला.

दुसरी मंडपवाल्याची, विजापूर नाक्याजवळ,
चिंचेखाली. रंग विचारू नका.
वरातीत जनरेटर ओढायची
नवरदेवाच्या घोड्यामागं, पहिल्या गिअरात,
पाऊल पाऊल.
म्हणून क्लच संपलेला
आणि मागचा हूक मात्र पक्का.
हौद्याच्या फटींत अजून चमकी.
मैनोद्दीन खाली झोपला, चासीला दोरी धरली,
बराच वेळ पायच दिसत होते त्याचे.
बाहेर येऊन म्हणाला, सरळ आहे.
क्लचप्लेट मिळते दुकानात.

मला नीट ऐकू येत नाही. मागांनी घेतला
डावा कान अख्खा, उजवा निम्मा.
मी बॉनेटवर तळवा ठेवला,
जसा मागावर ठेवायचो
आणि धोटा अडतोय का ते हाताला कळायचं.
तीन ठोके ठीक. चौथा जरा उशिरा,
जेवायला हाक मारल्यावर मी येतो तसा.
"चौथं," मी म्हणालो.
मैनोद्दीननं डोळे मिटले.
"चौथंच बे."

तुळजापूरच्या घाटात डबा जोडून नेली.
चढताना क्लचचा जळका वास,
बाकी काही तक्रार नाही.
चढताना सगळ्याच ओढतात, मैनोद्दीन ओरडला
माझ्या उजव्या कानाशी, उतरताना बघ.

उतरताना कळलं.
पुढची गाडी आता काही ओढत नव्हती;
मागून डबाच ढकलत होता,
पलंग, तांदूळ, टाकीतलं हिंदकळणारं पाणी,
सगळं घर पाठीवर हात ठेवून
चल चल म्हणत होतं.
दुसऱ्या गिअरात ती इंजिनावर धरून राहिली.
ब्रेकला पाय नुसता टेकवून ठेवला मी.
मधल्या सीटवर, गिअरच्या दांड्याला गुडघा चुकवत
नरसूबाई वळणं मोजत होती
विड्या मोजते तशी, तेलुगूत:
ओकटी, रेंडू, मूडू...
नंतर मोजायची थांबली.
तेव्हाच मी ठरवलं.

क्लचचे पैसे कापून भाव झाला.
मंडपवाल्यानं किल्ली देताना विचारलं,
मग, निघणार कुठं?

मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं.
वजन काढलं होतं, गाडी काढली होती,
गाव काढायचंच राहिलं होतं.

काट्याची चिठ्ठी घडी करून
ती चंचीत ठेवत होती.
म्हणाली, आधी क्लच.