शेरा

दादू दिंडोर्लेंचं घर हद्दीवरचं.
चूल महापालिकेत, गोठा ग्रामपंचायतीत.
मोजणीवाले आले त्या वर्षी
फक्कीची पांढरी रेघ माजघरातनं गेली.
पारूआक्कानं ती सांजच्याला सारवून टाकली,
उजव्या हाताच्या चार बोटांनी.
पाचवं कडबाकुट्टीत गेलेलं.

घरपट्टी मात्र दोन्हीकडनं यायची.
दादू दोन्ही पावत्या एकाच खिळ्याला अडकवायचा,
म्हणायचा, "दोन सासुरवाड्या हायत मला,
जेवाय कोणच बोलवत न्हाई."

मी ग्रामपंचायतीचा क्लार्क.
हद्दवाढीविरुद्धचे सात ठराव माझ्याच अक्षरात आहेत.
सरपंच सांगायचे, मी लिहायचो:
शहराला आमचं गायरान पाहिजे, आम्ही नको.
गाव बंद ठेवलं तेव्हा
लावलेली कुलपं मोजत मीच फिरलो.
तिकडं शहरातही मोर्चा निघाला होता,
जागा संपली, निधी मिळंना,
खेडी घ्या, शहर वाढवा.
तेही खोटं नव्हतं.
माझी पोरगी त्यांच्याच बसनं कॉलेजला जाते.
शेवटचा थांबा ओढ्यापलीकडं,
तिथनं घरापर्यंत मोबाईलच्या उजेडात.

दादू गेला पहाटे, धारा काढायच्या वेळेला.
खाट रेघ होती तिथंच.
डोकं शहरात, पाय गावात.
विलास दाखल्यासाठी महापालिकेत गेला.
खिडकीतला म्हणाला, तुमच्या ग्रामपंचायतीत जावा.
ग्रामसेवक म्हणाले, डोकं तिकडं होतं न्हवं?
हसायचं नव्हतं. मी हसलो.
मग दिवसभर विलासच्या नजरेला नजर दिली नाही.

पण हे सगळं नंतरचं.
त्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर
कुणी हद्द विचारली नाही.
शेणी रचणाऱ्यानं एवढंच विचारलं,
माणूस उंचीला केवढा?

दर शिमग्याला आमचं गाव होळी लहान करतं,
वाचलेल्या शेणी ट्रॉली भरून घाटाला देतं.
यंदाच्या ट्रॉलीवर दादूच बसून गेला होता,
रस्ताभर ड्रायव्हरला शिव्या घालत,
खड्डं चुकीव की भाड्या, मोडत्यात.

विलास वाकला.
रचलेल्यातली एक शेणी उचलून
त्यानं उजेडाला धरली.
चार बोटं उमटलेली.
काही बोलला नाही,
होती त्या जागी ठेवली,
बापाच्या खांद्याजवळ.

आता नोंदवही माझ्यापुढं उघडी आहे.
मृत्यूचं ठिकाण: राहते घरी.
पुढं शेऱ्याचा रकाना.
मी 'हद्द' एवढं लिहिलंय
आणि पेन वर धरून बसलोय.
आतल्या खोलीतनं सरपंच हाक मारतायत,
आठवा ठराव घ्यायचा आहे.